पाण्याचा एक रेणू, चार बंध

एचआयव्हीच्या प्रोटिएझ या प्रथिनात त्याला रोखणारी बहुतेक औषधे बसतात तेव्हा दोघांच्या मध्ये पाण्याचा एक रेणू असतो. त्याचे दोन हायड्रोजन-बंध प्रथिनाच्या झडपांशी, दोन औषधाशी. ही रचना स्फटिकात दिसते, म्हणून हा केवळ तिथला योगायोग असेल, ही शंका रास्तच. पण एनएमआर तंत्राने तो द्रावणातही सापडला. म्हणजे हे पाणी रचनेचाच भाग आहे. मग त्याची जागा औषधानेच घेतली तर? १९९४ साली चक्रीय युरिया या संयुगांनी ते साधल्याचे प्रसिद्ध झाले. जखडलेला रेणू सुटला की एन्ट्रॉपी (अव्यवस्था) वाढते, पकड घट्ट होऊ शकते. तरी पाणी हटवणे नेहमीच फायद्याचे नसते; तुटलेल्या बंधांची भरपाईही व्हावी लागते. पाणी हटवणारे टिप्रानाविर बाजारात आले, तसे पाणी राखणारे दारुनाविरही, आणि त्याची पकड विलक्षण चिवट आहे.