नऊ वेळा निखळलेला खांदा

जत्रेतल्या कबड्डीत पकडीतून सुटताना त्या पोराचा डावा खांदा निखळला. कोणी धावून येण्याआधीच त्यानं खांबाला टेकून तो स्वतःच बसवला आणि पुन्हा चढाईला गेला. मैदानभर टाळ्या पडल्या, माझ्याही. त्या टाळ्या मनातून जाईनात, म्हणून महिन्याभरानं मी त्याच्यासोबत फिजिओथेरपीला गेलो.

"कितव्यांदा?" मॅडमनी विचारलं.

"नववी वेळ."

वय बावीस. पहिल्या वेळी तीन आठवडे हात गळ्यात बांधला, मग थेट मैदान. मधे व्यायाम करायचा असतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

खोलीत मलमाचा उग्र वास होता. खिडकीच्या गजाला पिवळी रबरी पट्टी बांधलेली. कोपर आणि बरगडीच्या मधे टॉवेलची घडी धरून, ती पडू न देता त्यानं पट्टी बाहेरच्या बाजूला ओढायची. ऐंशी किलोच्या गड्याला लोळवणारा तो हात सगळ्यात हलक्या पट्टीला थरथरत होता. पंधरा वेळा. कपाळावर घाम.

खांद्याची खोबण उथळ असते, बशीत लिंबू ठेवावं तशी. भोवतीची कूर्चेची कड आणि स्नायू दंडाच्या हाडाचा गोळा तिथं धरून ठेवतात. ही कड पुढच्या बाजूनं फाटते, हे ब्रिटिश सर्जन बँकार्ट यांनी १९२३ साली दाखवून दिलं. "व्यायामानं स्नायू घट्ट होतील, पण फाटलेली कड शिवली जाणार नाही," मॅडम म्हणाल्या.

कड दुर्बिणीतून टाके घालून पुन्हा हाडाला बसवता येते. पण दर वेळी निखळताना खोबणीचं हाडही झिजतं. ते साधारण पाचवा हिस्सा गेलं असेल, तर टाके पुरत नाहीत. जवळच्याच हाडाचा तुकडा कंडरेसह आणून स्क्रूनं बसवावा लागतो. फ्रेंच सर्जन लातारजे यांची ही १९५४ सालची पद्धत. यातली कुठली शस्त्रक्रिया करायची, ते सीटी स्कॅन सांगतं.

"मैदानात परत कधी?"

"सहा महिने धर."

त्याचा चेहरा उतरला. अख्खा हंगाम जाणार. मैदानी खेळ न खेळणाऱ्याला मी आधी काही महिने नेटानं व्यायामच करायला सांगेन. पण बावीस वर्षांचा कबड्डीपटू आणि नऊ वेळा? इथं थांबणं म्हणजे हाड झिजू देणं.

तुमच्या मैदानावर कुणाचा खांदा निखळला, तर ओढाओढ करू नका. हात झोळीत बांधा, एक्स-रेला न्या. आणि तो स्वतःच बसवून चढाईला निघाला, तर टाळ्या वाजवू नका; त्याला अडवा.