औषधाचा प्रवास कोठे संपतो?

द्रव्य शरीरात कसे शिरते, कोठवर पसरते आणि केव्हा पचते, हा विचार आयुर्वेदास नवा नाही. जे द्रव्य पचनापूर्वीच सर्व शरीर व्यापते व नंतर पचते, त्यास शार्ङ्गधराने ‘व्यवायी’ म्हटले आणि भांग व अफू ही त्याची उदाहरणे दिली. चरकाने विषाच्या दहा गुणांतही व्यवायी गुण गणला आहे. मात्र हा सारा विचार आपण बहुधा एका रुग्णाच्या शरीरापुरता करतो. रायगडच्या किनाऱ्यावरील गिधाडांची कहाणी त्यापुढे जाण्यास भाग पाडते.

राजपुरी खाडीवरील आगरदांडा हे मुरूड तालुक्यातील बंदर. याच तालुक्याच्या उत्तर अंगास १९८६ साली घोषित झालेले फणसाड अभयारण्य आहे, तर खाडीपलीकडे म्हसळा तालुक्यात चिरगाव आहे. ही दोन्ही ठिकाणे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांसाठी ओळखली जातात. मेलेले गुरू गावाबाहेर टाकावे आणि गिधाडांनी ते काही वेळात फस्त करावे, ही कोकणातली जुनी रीत. परंतु १९९० नंतरच्या सुमारे पंधरा वर्षांत भारतातील या जातीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ साली पाकिस्तानातील संशोधनातून उघड झाले. ते होते डायक्लोफेनॅक, हे वेदनाशामक.

या औषधाची वाट पाहण्याजोगी आहे. गुराच्या स्नायूत दिलेले इंजेक्शन रक्तात शोषले जाते, रक्तातील प्रथिनांना चिकटून सर्वत्र फिरते, सुजलेल्या जागी पोहोचते. पुढे यकृत त्याचे रूपांतर करते आणि मूत्र व पित्त यांवाटे ते बाहेर पडते. गुरू जगले तर काही दिवसांत शरीर स्वच्छ होते. दूषीविषाप्रमाणे ते वर्षानुवर्षे दडून राहत नाही. पण उत्सर्जन पुरे होण्याआधीच गुरू दगावले, तर यकृत, वृक्क व मांस यांत औषध उरते आणि त्याचा दुसरा प्रवास गिधाडाच्या आतड्यातून सुरू होतो. पक्षी नत्रयुक्त मल मुख्यतः युरिक आम्लाच्या रूपाने टाकतात. औषधाने वृक्क निकामी होताच हे आम्ल आतील अवयवांवर पांढऱ्या थराने साचते आणि पक्षी थोड्याच दिवसांत मरतो. गिधाडे थव्याने जेवतात. त्यामुळे शंभर मृत गुरांपैकी एखाद्यात औषध असले तरी तेवढे ऱ्हासास पुरेसे ठरते.

भारताने २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरास बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात. म्हणून २०१५ साली त्यांचे आकारमान ३ मिलिलिटरपुरते मर्यादित केले. ॲसिक्लोफेनॅक हे नाव वेगळे असले तरी गुरांच्या शरीरात त्याचे डायक्लोफेनॅकच होते. ते व कीटोप्रोफेन २०२३ साली, तर निमेसुलाइड २०२४ च्या अखेरीस गुरांसाठी निषिद्ध झाले. मेलॉक्सिकॅम मात्र गिधाडांना निरुपद्रवी असल्याचे सिद्ध झाले आहे. म्हणजे गुराची वेदना शमविणे आणि पक्षी वाचविणे यांत विरोध नाही. निवड तेवढी जाणतेपणाने हवी.

ग्रामीण भागात गुरांच्या व्याधींविषयी सल्ला मागणारे आजही वैद्याकडे येतात. अशा वेळी कोणते वेदनाशामक, केव्हा दिले, हे विचारावे. निषिद्ध औषध दिलेले गुरू दगावल्यास ते उघड्यावर न टाकता खोल पुरण्यास सांगावे. आपली द्रव्येही या कसोटीतून सुटत नाहीत. ‘वनस्पतिज’ म्हणजे ‘निर्दोष’ असे नव्हे. वत्सनाभ व कुचला वापरणाऱ्यास हे वेगळे सांगावयास नको. एखादे औषध सुरक्षित आहे, हे विधान कोणास, किती मात्रेत आणि कोणत्या प्राण्याच्या शरीरात, हे सांगितल्यावाचून अपुरेच राहते. देश, काल, मात्रा व सात्म्य यांचा विचार करणाऱ्या शास्त्राने त्या शरीरामागे असलेल्या दुसऱ्या शरीराचाही विचार करावयास हवा.