गप्पांचा कट्टा की गावठी कट्टा?

कट्टा म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? कॉलेजबाहेरची ती जागा, कटिंग चहा आणि तासन्‌तास रंगणाऱ्या गप्पा. बरोबर? पण याच नावाची दुसरी एक वस्तू आहे. गावठी कट्टा. चोरून बनवलेलं, बिनपरवान्याचं पिस्तूल. ते कमरेला खोचलेला 'भाई', मागे दणकेबाज गाणं, असं एखादं रील तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. कदाचित तुम्ही लाइकही केलं असेल.

त्या पंधरा सेकंदांची किंमत माहितीये? शस्त्र कायदा १९५९ चा. २०१९ मध्ये तो आणखी कडक झाला. विनापरवाना पिस्तूल सापडलं तर दोन ते पाच वर्षं कैद आणि वर दंड. परवाना हवा तर वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, पोलीस चौकशी होते, डॉक्टरांचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. तरीही परवाना मिळेलच असं नाही.

'अमेरिकेत तर बंदूक दुकानात मिळते!' असं कुणीतरी म्हणतंच. मिळते. शस्त्र बाळगण्याचा हक्क तिथल्या राज्यघटनेत १७९१ पासून आहे. आज तिथे माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. आणि श्रीमंत देशांमध्ये गोळीबारात खून होण्याचं प्रमाणही तिथेच कितीतरी जास्त आहे.

ऑस्ट्रेलियाने वेगळी वाट धरली. १९९६ मध्ये पोर्ट आर्थर इथे एकाच बंदूकधाऱ्याने ३५ जणांचा जीव घेतला. बारा दिवसांत सरकारांनी नवे नियम ठरवले. मग लोकांकडच्या साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या आणि नष्ट केल्या. बंदुकीने होणारे मृत्यू घटले. ते आधीपासूनच घटत होते, त्यामुळे कायद्याला श्रेय किती द्यायचं यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण सामूहिक गोळीबाराच्या घटना पुढची वीसेक वर्षं जवळपास थांबल्या, हेही खरं.

मग आपला कायदा एवढा कडक, तरी गोळ्या का झाडल्या जातात? कारण आपल्याकडे गोळी घालून होणाऱ्या बहुतेक खुनांत हत्यार बिनपरवान्याचंच असतं. कायद्याच्या रांगेत ते कधी उभंच राहिलेलं नसतं. ते चोरवाटेने येतं, कारण त्याला गिऱ्हाईक आहे. आणि हे गिऱ्हाईक तयार कसं होतं? थोडंफार आपल्या लाइकमधूनही होतं की!

हे लक्षात असू द्या

• 'शस्त्र मित्राचं होतं, मी फक्त फोटो काढला' असं सांगून सहज सुटका होत नाही. तो फोटोच पोलिसांना तुमच्यापर्यंत आणतो.

• लग्नात, वरातीत हौसेने हवेत गोळीबार? बंदूक परवान्याची असली तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

• कोयता शेतात ठीक, शहाळ्याच्या गाडीवर ठीक. रस्त्यात नाचवलात तर गुन्हा दाखल होऊ शकतो.

• कुणी कट्टा दाखवला तर हातात घेऊ नका. तिथून निघा आणि ११२ वर कळवा.

एकदा गुन्हा नोंदला गेला की नोकरी, पासपोर्ट, सगळीकडे तो आडवा येतो. तेव्हा कट्ट्यावर जा, बिनधास्त जा. फक्त चहावाल्या!