सातबाऱ्यातला बारा

प्रदूषित जागांबाबतचे केंद्राचे नियम जुलै २०२५ मध्ये आले आणि सगळ्यांच्या नजरा कारखान्यांकडे वळल्या. साहजिक आहे. देशात १०३ जागा दूषित ठरल्या आणि साफसफाई जेमतेम सात ठिकाणी सुरू झाली, असं तेव्हाच छापून आलं होतं. पण जळगाव जिल्ह्यातल्या बोदवड शिवारात जुना मळा घ्यायला निघालेल्या माणसाच्या पदरात यातून काय पडतं? माझ्या मते काहीच नाही. खरेदीखत नोंदवताना मातीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

बोदवडचा दुखरा भाग पाणी. त्यामुळे इथं गिऱ्हाईक बांधावर उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला : विहिरीला पाणी किती परस? उपसा सिंचन योजनेचा विषय निघतो, भाव चढतो. त्या पाण्यात काय उतरलं असेल, हे विचारणारा मी अजून पाहिलेला नाही.

सातबाऱ्यातल्या सातात मालकी, बारात पिकं. वकील तीस वर्षांचा सर्च काढतो तो साताचा : वारस, बोजा, इतर हक्क. बारा कुणी उलटत नाही. विषाची कुंडली मात्र तिथंच आहे. १९७० ते २००० या काळात वर्षामागून वर्ष ‘कापूस’ लिहिलेला दिसला, की त्या जमिनीनं भरपूर औषध प्यालंय असं समजावं. २००२ मध्ये बीटी येण्याआधी देशातली सुमारे निम्मी कीटकनाशकं एकट्या कापसावर जात, आणि कापसाखालचं क्षेत्र होतं जेमतेम पाच टक्के. ज्वारी-तुरीच्या शेताची गोष्ट निराळी. (चावडीत बसून भरलेल्या पीक पाहणीवर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न मलाही पडतो. तरी काहीच न पाहण्यापेक्षा बरं.)

कागदाच्या पलीकडचा खरा जाणकार म्हणजे सालदार. माझ्या मावसभावानं बोदवडजवळचा मळा पाहिला, तेव्हा मालक जळगावहून गाडीनं आले. हद्दी दाखवल्या, आंब्याची झाडं मोजली. फवारणीचं औषध कुठं कालवायचे ते त्यांना माहीतच नव्हतं, कारण त्यांनी पंप कधी पाठीवर घेतलाच नव्हता. ज्यानं घेतला, तो सत्तरीचा म्हातारा गावात सापडला. तो आम्हाला थेट विहिरीच्या जुन्या थारोळ्यापाशी घेऊन गेला. मोट गेली, इंजिन आलं, मोटार आली. पंप भरायची जागा तीच राहिली. दोन खाटा मावतील एवढा तुकडा, आजूबाजूला हराळी आणि मध्ये नुसती पांढुरकी माती. ‘तठी काही उगत नही, भाऊ,’ एवढंच तो म्हणाला.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालंय. अख्ख्या शेताची धास्ती घेण्यात अर्थ नाही, कोपऱ्यांची घ्यावी. शेतात औषध पसरतं, उन्हात आणि जिवाणूंमुळे मोडतं. मोनोक्रोटोफॉससारखी औषधं काही आठवड्यांत विरतात. डीडीटी आणि बीएचसी म्हणजे आपली गॅमेक्सीन पावडर, ही जात वेगळी. ती पाण्यात जवळपास विरघळत नाही, चिकणमातीला धरून वर्षानुवर्षं बसते. शेतीतला डीडीटी १९८९ मध्ये बंद झाला, बीएचसी १९९७ मध्ये. त्याआधी जिथं पोती फुटली, डबे धुतले, तिथं ती अजून असू शकते. आणि काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्यांतून तिला खाली जायला वाट मिळते, हे विसरू नये. काही विषं किती टिकतात याचा दाखला दूरचाही आहे : अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या जुन्या सफरचंदाच्या बागांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फवारलेलं शिसं आणि आर्सेनिक आजही वरच्या थरात सापडतं.

मग डबे. कीटकनाशक नियम १९७१ मधला ४४ वा नियम सांगतो, रिकामी वेष्टनं फोडून वस्तीपासून दूर पुरा. तेव्हा जे वस्तीपासून दूर होतं, तिथं आता एनए प्लॉटच्या खुणा रोवल्यात.

मळ्यातल्या औषधाच्या कोठीत शिरताना मात्र धीर धरा. दार उघडून हवा खेळू द्यावी. डब्यावरच्या चौकोनात खालचा त्रिकोण लाल असेल तर औषध सगळ्यात जहाल वर्गातलं. धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्यांचा उघडा डबा सापडला तर त्याला ओल लागू देऊ नये. ओलाव्यानं त्यातून जीवघेणा वायू सुटतो. आणि जुने डबे घरात नकोतच. बिहारमधल्या गंडामनच्या शाळेत २०१३ मध्ये २३ मुलं गेली ती दुपारच्या जेवणाच्या तेलातून पोटात गेलेल्या मोनोक्रोटोफॉसनं.

‘माती तपासली आहे’ असं विकणारा सांगेल आणि मृद आरोग्य पत्रिका पुढं करेल. तिच्यात बारा गोष्टी असतात : नत्र, स्फुरद, पालाश, सामू, जस्त, लोह वगैरे. विष एकही नाही. कीटकनाशकांचे अंश तपासायची यंत्रं वेगळी, प्रयोगशाळा वेगळ्या. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी हे काम चालतं ते मुख्यतः निर्यातीच्या द्राक्षांसाठी. खासगी प्रयोगशाळा पैसे घेऊन करून देतात. नमुना मात्र थारोळ्याजवळचा वेगळा आणि शेतातला वेगळा घ्यावा. पत्रिकेसाठी घेतात तशी सगळीकडची माती एकत्र कालवली, की विष पातळ होतं आणि अहवाल निर्मळ येतो.

कायदा अगदीच मुका नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चं कलम ५५ म्हणतं, साध्या नजरेला न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल तर त्यानं तो सांगायला हवा. अडचण ‘ठाऊक’ या शब्दाची आहे. ठाऊक असतं सालदाराला, सही करतो मालक.

मावसभावानं साठेखतात एक ओळ घालून घेतली : ताबा देण्याआधी कोठी रिकामी करून द्यावी. मालक हसले आणि त्यांनी सही केली. पुढं त्यांनी चार दुकानं पालथी घातली, पण कोठीतले जुने डबे परत घ्यायला कुणी तयार होईना. खरेदी झाली, पेरणी झाली, थारोळ्याजवळचा तुकडा तारेनं वेढून पडीक ठेवलाय. कोठीला कुलूप आहे, आणि किल्ली आपल्याकडे नाही असं दोघंही सांगतात.