हेडचे पॅकिंग का जाते?
(ऊस वाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टरधारक सभासदांसाठी)



ऊस विकास अधिकाऱ्याने बेण्यावर, खतावर, खोडव्यावर लिहावे. इंजिनावर कशाला, असे कोणी म्हणेल. पण तुटलेला ऊस गव्हाणीत पडेपर्यंत आमच्याच खात्याची जबाबदारी असतो. तोडणीनंतर शक्यतो चोवीस तासांत ऊस गाळला गेला पाहिजे. उशीर झाला की उसातले पाणी उडून वजन घटते आणि साखर फुटून उतारा पडतो. उताऱ्यावर उसाचा दर अवलंबून, म्हणजे दोन्हीकडून तोटा सभासदाचाच.

मागे एका हंगामात कालव्याच्या पुलाच्या चढावर दोन भरलेल्या ट्रॉल्यांसह एक ट्रॅक्टर बंद पडला. चालवणारा पोरगा चांगला कष्टाळू. म्हणाला, "साहेब, हंगामाच्या आधी पंप वाढवून घेतला होता. चढाला गिअर बदलायचं काम नव्हतं. आज एकदम वाफ निघाली." घाबरून त्याने तापलेल्या इंजिनावर पाटाचे गार पाणी ओतले होते. हेड उघडले तेव्हा पॅकिंग दोन सिलिंडरच्या मध्ये जळालेले आणि हेडला तडा. दुसरा ट्रॅक्टर मिळून ऊस काट्यावर यायला तिसरा दिवस उजाडला. ऊस त्या पोराचा नव्हता, दुसऱ्याच सभासदाचा होता. त्याचे वजन घटले ते घटलेच.

पॅकिंगचे काम काय?

इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामध्ये जो पातळ पत्रा असतो तो हेड गॅस्केट. आपण त्याला हेडचे पॅकिंग म्हणतो. सिलिंडरमधला जाळ, थंड ठेवणारे पाणी आणि वंगणाचे ऑइल या तिघांना ते एकमेकांत मिसळू देत नाही. त्याच्यावरचा भार बघा. सिलिंडरचा व्यास १०० मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर होते. डिझेल पेटताना दर चौरस सेंटिमीटरला ८० किलो दाब धरला, तरी एका सिलिंडरमागे हेडला वर उचलणारा जोर सहा टनांच्या पुढे जातो. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर हा दणका प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला हजार वेळा बसतो.

पॅकिंग गेल्याच्या खुणा अशा : रेडिएटरचे पाणी वरचेवर कमी होणे, इंजिन चालू असताना पाण्यात बुडबुडे येणे, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघत राहणे, ऑइल दुधाळ चहासारखे दिसणे आणि ओढ कमी होणे. यातली एक जरी खूण दिसली तरी "ही खेप टाकून येतो" म्हणू नये. ऑइलमध्ये पाणी मिसळले की पुढे बेअरिंग आणि क्रँकचा खर्च उभा राहतो. गरम इंजिनाचे रेडिएटरचे झाकण उघडू नये, की वरून गार पाणी ओतू नये.

पॅकिंग बदलताना

इंजिन पूर्ण गार झाल्यावरच हेड खोलावे. बोल्ट कडेकडून मधल्याकडे, थोडे थोडे ढिले करावेत. हेड निघाल्यावर नुसते नवे पॅकिंग टाकून मोकळे होऊ नये. हेडवर सरळ पट्टी उभी धरून फिलर गेजने वाक तपासावा. पुस्तकात दिलेली मर्यादा बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. वाक जास्त असेल तर हेड फेसिंगला द्यावे, आणि तडा आहे का तेही तिथेच बघून घ्यावे. ब्लॉकचा माथाही तपासावा. बोल्टच्या भोकांत पाणी वा ऑइल राहिले तर बोल्ट खरा आवळला जात नाही, म्हणून भोके कोरडी करावीत. पुस्तकात नसेल तर पॅकिंगला ग्रीस किंवा रंग लावू नये. बोल्ट मधून सुरू करून कडेला, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळावेत. पान्याला पाइप लावून अंदाजाने आवळलेले हेड पुन्हा वाकते. शेवटी टॅपेट लावून ऑइल व फिल्टर नवे टाकावेत.

आणि पॅकिंग गेले का, हे शोधल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. बहुतेक वेळा रेडिएटरची जाळी पाचटाने आणि फुफाट्याने बुजलेली असते, पंख्याचा पट्टा सैल असतो किंवा पाण्याचा पंप थकलेला असतो. कारण तसेच राहिले तर नवे पॅकिंगही जाणार.

पंप वाढवावा का?

डिझेल पंपाचा स्क्रू फिरवला की सिलिंडरमध्ये डिझेल जास्त जाते आणि ओढ वाढते, हे खरे. पण हवा तेवढीच राहते. न जळालेले डिझेल काळा धूर होऊन वाया जाते, आणि पिस्टन, हेड, पॅकिंग यांच्यावरची उष्णता वाढते. डिझेलमधल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच चाकाला मिळतो. बाकीची पाण्यातून आणि धुरातून बाहेर काढावी लागते. म्हणजे ओढ वाढवली तर रेडिएटरही मोठा हवा.

काही जण बाहेरून टर्बो बसवायचा विचार करतात. टर्बो ही काही नवी गोष्ट नाही. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. तो जादा हवा कोंबतो, त्यामुळे जादा डिझेल नीट जळते. पण सिलिंडरमधला दाबही वाढतो. कंपनी टर्बोचे इंजिन काढते तेव्हा पिस्टन, ऑइलची व्यवस्था आणि पॅकिंग त्या बेताचे घालते. शर्यतीच्या मोटारींची ताकद वाढवणारेही आधी भक्कम स्टड, पोलादी थरांचे गॅस्केट आणि मोठा रेडिएटर बसवतात, मगच दाब वाढवतात. आपण नुसता स्क्रू फिरवतो, इथेच फसतो. शिवाय इंजिन चढाला ओढले तरी उताराला दोन ट्रॉल्या थोपवणारे ब्रेक जुनेच असतात.

कायद्याचेही बघावे. नोंदणी पुस्तकातील माहितीशी जुळणार नाही असा बदल वाहनात करायला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने मनाई केली आहे. अपघात झाला तर विम्याच्या भरपाईत तंटा उभा राहू शकतो.

तेव्हा गाडीला जेवढे झेपते तेवढाच ऊस भरावा. हंगामापूर्वी रेडिएटर साफ करावा, होज पाइप आणि पट्टा बघावा, नोझल व पंप कंपनीच्या मापाला लावून घ्यावेत. चालू हंगामात रोज सकाळी इंजिन गार असताना पाणी आणि ऑइल बघावे. पाच मिनिटांचे काम आहे. आणि गाडी बंद पडलीच, तर लपवून न ठेवता गट कार्यालयाला लगेच कळवावे, म्हणजे मागची ट्रॉली दुसऱ्या गाडीला जोडता येईल. ट्रॉलीतला ऊस कोणाच्या तरी बारा-पंधरा महिन्यांच्या कष्टाचा असतो, एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी