आमचा होडीचा बेत

माणसाने साठी ओलांडली, की लोक त्याला काशीयात्रेचे माहितीपत्रक आणून देतात. मी मात्र गेल्या गणपतीनंतर एका संध्याकाळी घरात जाहीर केले, की मी होडी विकत घेणार आहे. सौ.ने तव्यावरची पोळी तशीच ठेवून विचारले, "आणि ती ठेवणार कुठे? चौथ्या मजल्यावर?"

प्रश्न रास्त होता. आम्ही राहतो सीवूड्सला. जिन्याखाली नातवाची सायकल ठेवली तर सोसायटीच्या कमिटीची चिठ्ठी येते; तिथे बारा फुटी होडीचे नाव कोण काढणार? पण मला हवी होती ती कयाक. ग्रीनलंडकडच्या इन्युइट शिकाऱ्यांनी वाहून आलेल्या लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ही निमुळती होडी बनवली. दोन्ही टोकांना पाते असलेले एकच वल्हे. डावीकडे एक हात, उजवीकडे एक हात. पुढे युरोपात तिची घडी घालता येऊ लागली, आणि आता तर हवा भरून फुगवता येते. हवा काढली की ती गादीसारखी गुंडाळून कपाटावर बसते. घडीच्या होडीला कमी लेखू नका. ओस्कर श्पेक नावाचा जर्मन 1932 साली असल्याच होडीतून निघाला आणि हिंदुस्थानचा किनारा धरून, मजल दरमजल करीत, 1939 साली ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. तोवर महायुद्ध सुरू झाले होते. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला लगेच स्थानबद्ध केले. सौ.ला मी ही गोष्ट मोठ्या उत्साहाने सांगितली. ती म्हणाली, "शेवट काय झाला ते ऐकलंत ना तुम्हीच?"

होडी तर ठरली. आता पाणी कुठले?

घराजवळ खाडी आहे, रोहितपक्षी आहेत. करावे गावातल्या एका जुन्या नाखव्याला विचारायला गेलो. तो हसला आणि म्हणाला, "भाऊ, खारीत वल्हं नाय, तिथी चालते." मग त्याने हिशेब सांगितला. तिथीच्या आकड्याला पाऊण पटीने गुणायचे, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला पंधरा पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. थोडे पुढेमागे धरून दुपारी बाराच्या सुमाराला एक भरती आणि मध्यरात्री दुसरी. उधाणाची भरती जितकी चढते तितकीच खाली ओसरते. वेळ चुकली तर होडी चिखलात, आणि आपण कमरेइतके होडीबाहेर. हे ऐकून खाडीचा नाद मी सोडला.

कोलाडची कुंडलिका मुलाने सुचवली. तिथे भिऱ्याच्या वीजघरातून सोडलेल्या पाण्यावर तराफे उसळत जातात. पण पाणी सुटेल तेव्हाच नदी वाहणार. लोकल गाडीच्या वेळापत्रकाला कंटाळलेल्या माणसाने नदीचेही वेळापत्रक का सांभाळावे? मला हवे होते निवांत, निर्जन, रानातले सरोवर.

नकाशा पसरून बसलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. कॅनडात किंवा फिनलंडमध्ये सरोवरे हिमनद्यांनी कोरली. आपल्या सह्याद्रीतली बहुतेक सरोवरे माणसाने नद्या अडवून केली. मुळशी घ्या, भंडारदरा घ्या, पवना घ्या. जलाशयाचा निळा रंग नकाशावर जिथे जिथे दिसतो, तिथे त्याआधी काहीतरी होते. मुळशीसाठी तर सेनापती बापटांनी 1921 पासून सत्याग्रह केला. पण नकाशा पाहताना मन गुंतले होते ते सर्वांत लांब निळ्या पट्ट्यात, कोयनेच्या शिवसागरात. सुमारे 50 किलोमीटर लांबीचे पाणी. महाबळेश्वरहून 25-30 किलोमीटर घाट उतरला की तापोळे. लोक त्याला 'मिनी काश्मीर' म्हणतात. असे म्हणणाऱ्यांपैकी काश्मीर किती जणांनी पाहिले असेल कोण जाणे. तिथे सोळशी कोयनेला मिळते, आणि खाली कांदाटी. पलीकडच्या काठावर वासोट्याचे रान. ते अभयारण्यात आणि 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येत असल्याने वनखात्याच्या परवानगीशिवाय तिकडे पाय ठेवायचा नाही, मुक्काम तर नाहीच. मुक्काम अलीकडच्या काठावर, शेतातल्या तंबूत.

बेत चांगलाच रंगला. भरलेला तलाव पाहायचा म्हणून मार्गशीर्ष महिना ठरवला. शांत पाण्यावर कयाक तासाला चार-पाच किलोमीटर जाते. दुपारनंतर वारा उठतो आणि लांबलचक पाण्यावर लाटा वाढत जातात, म्हणून पहाटे निघून अकराच्या आत काठाला लागायचे. जीवरक्षक जाकिटे, शिट्ट्या, जादा वल्हे, ठिगळे, पाणी न शिरणारी पिशवी. पोहण्याच्या तलावात जाऊन मुद्दाम उलटण्याची तालीमही केली. वल्हवण्याआधी बुडून परत चढायला शिकावे लागते. माझे पोट मला त्या दिवशी जेवढे जाणवले तेवढे शिंप्यालाही कधी जाणवले नसेल.

आणि मग एका सकाळी आबा भेटले.

आबा निवृत्त माथाडी कामगार. वाशीच्या बाजारात त्यांनी उभी हयात कांद्या-बटाट्याची पोती वाहिली. सकाळी फिरताना आमची ओळख झाली. मी बेत सांगितला, तसे ते कठड्यावर बसले.

"तापोळ्याच्या खाली? साहेब, म्हंजे आमच्या शेतावरनं होडी नेनार म्हना की तुमी."

साठच्या दशकाच्या सुरुवातीला कोयनेत पाणी चढू लागले, तेव्हा आबा पाच-सहा वर्षांचे होते. आईने देव टोपलीत घातले, टोपली डोक्यावर, आणि घर डोंगरावर वर सरकले. वर जमीन ती काय? नाचणीपुरती. म्हणून आधी वडील मुंबईला आले, मग आबा. कितीतरी गावे दूर ठाणे-रायगडपर्यंत गेली. त्या पाण्यातले बरेचसे डोंगर फोडून पोफळीच्या वीजघरात उतरते आणि वाशिष्ठीतून चिपळूणकडे जाते. समुद्राला चंद्र ओढतो. शिवसागराची भरती पावसाच्या हाती आणि ओहोटी वीजघराच्या.

"वैशाखात पानी उतरतं," आबा म्हणाले, "तवा बांध दिसत्यात. हिरीचं तोंड बी. मार्गशीर्षात जाऊन काय बगनार? नुसतं पानी."

त्या रात्री मी सगळा बेत पुन्हा मांडला. वैशाख म्हणजे काठावर चिखलाचा रुंद पट्टा, होडी डोक्यावर घेऊन उतरायचे. पाण्याखालून वर आलेली खोडे रबराला फाडणार. कोळ्यांची जाळी उथळात. दुपारी वळिवाचा भरवसा नाही, आणि वीज कडाडताना पाण्यावर राहणे म्हणजे मरणाला निमंत्रण. तेव्हा अकराऐवजी नऊलाच बाहेर. होडीवाल्याच्या नजरेने पाहिले तर वेडेपणाच. मुलगा म्हणाला, "बाबा, मग मजा काय राहिली?" मला उत्तर देता आले नाही. तारीख मात्र मी बदलली.

आबांना पोहायला येत नाही. सौ.ने अट घातली: तापोळ्यातली एक यांत्रिक नाव भाड्याने घेऊन बरोबर ठेवायची, वारा सुटला की आबांनी तिच्यात बसायचे. आबांनी मान डोलावली, पण बांधापर्यंत मात्र वल्ह्यानेच जायचे म्हणून हट्ट धरला. यंत्राच्या आवाजात काही सुचायचे नाही, म्हणाले.

परवा ते घरी आले होते. नारिंगी जाकीट अंगात चढवले, पट्टे आवळले, आणि आमच्या दिवाणखान्यात फुगवून ठेवलेल्या होडीत पुढच्या जागेवर बसून पाहिले. सौ. चहा घेऊन उभी होती. आबांनी पायाजवळची जागा हाताने चाचपली.

"साहेब, हितं नारळ ऱ्हाईल न्हवं?"