एक नियम, दोन जिल्हे

चंद्रपूर आणि गडचिरोली (१९८२ पर्यंत जिल्हा एकच!) यांच्या पावसाच्या नोंदींवरून तक्ते बनवायला आम्ही ‘मेक’ वापरतो. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ही आज्ञावली १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत लिहिली. कोणती फाइल कशापासून, कोणत्या आज्ञेने बनते, ते तिला नियमांतून सांगायचे. आम्ही चंद्रपूरचा नियम उतरवून गडचिरोलीचा केला. आज्ञेतले एक नाव बदलायचे राहिले आणि गडचिरोलीचा पाऊस चंद्रपूरच्या तक्त्यात पडला! ‘मेक’ने हूं की चूं केले नाही.

आता आज्ञेत नावेच लिहीत नाही. $@ म्हणजे बनवायची फाइल, $< म्हणजे जिच्यापासून बनवायची ती पहिली. बीजगणितातल्या ‘क्ष’सारखी ही चले, किंमत ‘मेक’ भरते. जिल्ह्याच्या नावाजागी % घातले, की दोघांना एकच नियम पुरतो. मात्र शेलसाठी $ हवा असेल तर $$ लिहावे; एकटा $ ‘मेक’च गिळते.